खोट दाखवा, मग सर्व्हर घेते

माझी आत्या कापड घ्यायला गेली की दुकानदाराला आधी एकच गोष्ट विचारते, ‘‘यात खोट कुठे आहे?’’ खोट नाहीच म्हणणाऱ्याच्या दुकानातून ती उठते. जो तागा उलगडून म्हणतो, ‘‘हे बघा बाई, इथे धागा सुटलाय, तेवढं सोडून मोजतो,’’ त्याच्याकडून डोळे मिटून माल उचलते. एवढ्या एका प्रश्नाच्या जोरावर तिनं गणवेशांचा कारखाना उभा केला. इस्पितळातल्या सिस्टर, हॉटेलातले वाढपी, शाळेच्या बसचे ड्रायव्हर, सगळे तिनं शिवलेलं घालतात. बाई हुशार आहे, यात वाद नाही. पण सर्व्हर घ्यायची वेळ आली आणि तिचा पार गोंधळ उडाला. तिच्यापायी माझाही.

आमचं सगळं मापांवर चालतं. गिऱ्हाइकानं एकदा येऊन माप दिलं की पुढच्या वर्षापासून नुसता फोन करायचा, ‘‘दोन जोड पाठवा.’’ कपडे घरपोच. ही आत्याची पद्धत आणि हाच तिचा अभिमान. सगळी मापं कोपऱ्यातल्या एका जुन्या कम्प्युटरात होती. कटिंगच्या टेबलावरचा, पॅकिंगचा आणि मी हिशेबाला बसते तो, सगळे कम्प्युटर त्याच्याकडूनच मापं मागून घ्यायचे. तो हल्ली धापा टाकत होता आणि मधेच मान टाकत होता. त्याच्या जागी आता चांगला सर्व्हर हवा होता. मापं गेली तर कारखान्यात नुसती शिलाईची मशीनं उरणार, हे आत्याला पक्कं कळत होतं. म्हणून तर तिची झोप उडाली होती.

पहिला विक्रेता आला तो मोठ्या शोरूमचा, चकचकीत बूट घालून. त्याच्या सर्व्हरला वीज पुरवणारे सप्लाय दोन, माहिती ठेवणाऱ्या डिस्क दोन, आणि काही बिघडलं तर दुसऱ्या दिवशी इंजिनिअर दारात.

‘‘दोन-दोन कशाला?’’ आत्यानं विचारलं.

‘‘एक बंद पडला तर दुसरा आहेच, मॅडम.’’

‘‘म्हणजे पहिला बंद पडणार हे तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे?’’

तो हसला. आत्या हसली नाही. ‘‘बरं, यात खोट कुठे आहे ते सांगा.’’

‘‘खोट? छे, खोट नाहीच!’’

आत्यानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसरा वापरलेले सर्व्हर दुरुस्त करून विकणारा. किंमत पहिल्याच्या निम्म्याहून कमी. आत्यानं तोच प्रश्न विचारला, तर त्यानं सरळ झाकणच उघडलं. ‘‘हा पंखा आवाज करतो. डिस्क जुन्या आहेत, त्या मी बदलून देईन. सप्लाय एकच आहे. तो गेला तर पार्ट पटकन मिळत नाही, चार दिवस तरी काम बंद राहील.’’

आत्याचा चेहरा खुलला. ‘‘मग हाच देऊन टाका.’’

‘‘नका घेऊ,’’ तो म्हणाला. ‘‘चार दिवस बंद ठेवणं ज्याला परवडतं त्यानं हा घ्यावा. तुमचं काम बघितलं मी. तुम्ही दोन सप्लायवाला नवाच घ्या.’’

झालं! आत्या तिथे जी अडकली ती अडकलीच. ‘‘ज्याच्यावर माझा विश्वास बसला, तो म्हणतो माझ्याकडून घेऊ नका. त्याचं ऐकायचं तर ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याकडून घ्यायचं. मग या विश्वासाचं मी काय लोणचं घालू?’’

मग सुरू झालं विचारणं. माझे बाबा म्हणाले, ‘‘स्वस्तातला घे. बिघडला तर आणखी एक स्वस्तातला घे. तरी पैसे उरतील.’’ हे आत्याला पटलं. आमचे कटिंग मास्तर म्हणाले, ‘‘बाई, कात्री घ्यावी तर महागाचीच.’’ हेही पटलं. शेजारच्या औषधवाल्याचा वापरलेला सर्व्हर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालत होता, आणि त्याच्याच मेव्हण्याचा कोरा करकरीत सर्व्हर पहिल्याच महिन्यात बसला होता. ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे म्हणतात, पण इथे मनच जागेवर नव्हतं.

शेवटी माझं डोकं फिरलं. ‘‘आत्या, ते काय कापड आहे का चिमटीत धरून बघायला? एक काय ते ठरव!’’

‘‘तूच ठरव ना मग,’’ ती म्हणाली. ‘‘तो न बिघडावा म्हणून मी जास्तीचे पैसे मोजायचे. आणि तो नाहीच बिघडला, तर ते पैसे कामी आले की वाया गेले?’’

खरं सांगते, मला अजूनही माहीत नाही.

आमचा हा घोळ चालू असताना एका भर दुपारी जुन्या कम्प्युटरनं राम म्हटला. दुरुस्तीवाला तो घेऊन गेला आणि मान हलवतच परत आला. मापांची एक नक्कल होती, नाही असं नाही. पण ती त्याच कम्प्युटरात, त्याच डिस्कवर. कारण कारखान्याची वस्तू कारखान्याबाहेर जाऊ द्यायची नाही, हा आत्याचा नियम. असल आणि नक्कल हातात हात घालून गेल्या. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि तिच्याकडे बघून रडूही येत होतं.

आत्यानं त्या वापरलेले सर्व्हर विकणाऱ्याला फोन लावला. ‘‘मला नवा, दोन सप्लायवाला, तुम्हीच आणून द्या.’’

‘‘बाई, मी नव्याचा धंदा करत नाही.’’

‘‘मग आता करा!’’

त्यानं केला. सर्व्हर आला, सगळं दोन-दोन असलेला. नकलेची वेगळी डिस्क बाबांच्या घरी ठेवायचं ठरलं. ‘‘बरोबर केलं ना गं आपण?’’ आत्या मला दिवसभर विचारत राहिली. मी काय सांगणार, कपाळ? इतका भरवशाचा सर्व्हर, आणि आत ठेवायला एकही माप नाही.

मग गिऱ्हाइकांना एकेक फोन करून पुन्हा बोलवायचं होतं. मी करते म्हटलं तर ऐकेना. ते फोन आत्यानं स्वतः केले, शरमेनं अर्धी होत. सगळ्यांत आधी आल्या इस्पितळातल्या मोठ्या सिस्टर, कारखाना निघाल्यापासूनचं आमचं गिऱ्हाईक. मी नव्या सर्व्हरवर त्यांचं नाव घालून आकड्याची वाट बघत बसले. आत्यानं त्यांच्या कमरेला टेप लावली, आकडा बघितला, आठवणीतल्या जुन्या आकड्याशी ताडला, टेप सोडली आणि पुन्हा लावली.

‘‘सिस्टर, गेल्या वर्षीचे कपडे घट्ट होत नव्हते?’’

‘‘होत होते की. त्याच्या आदल्या वर्षीचेही होत होते.’’

‘‘अहो, मग मला सांगायचं नाही?’’

‘‘तुमचं माप चुकेल असं मनातसुद्धा आलं नाही हो,’’ सिस्टर संकोचून म्हणाल्या. ‘‘म्हटलं, आपणच सुटलोय. मी तेव्हापासून रात्रीचं जेवण सोडलंय.’’

आत्यानं टेप गुंडाळून बाजूला ठेवली. मी विचारलं, ‘‘किती लिहू, आत्या?’’

‘‘काही लिहू नकोस,’’ ती म्हणाली. ‘‘आधी सिस्टरांना काहीतरी खायला आण.’’