बर्फातली चेरी

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. अंधेरीतल्या आमच्या चाळीसमोरून तो रोज भर उन्हात स्वेटर घालून जायचा. बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. नाव मी कधी विचारलं नाही.

एका शिमग्याला तो हातगाडी ढकलत आला. गाडीवर पत्र्याच्या डब्यात माणसाएवढं झाड. पान एकही नाही आणि फांदी न् फांदी गुलाबी फुलांनी लगडलेली. ओट्यावर पत्ते खेळणारे उठून उभे राहिले.

“हे काय रे?” मी विचारलं.

“चेरी. फौजेतल्या मेव्हण्याने थंड पहाडातून आणलेली. थंडीत झोपल्याशिवाय फुलत नाय ना ही! मुंबईत कुठली थंडी? म्हणून पानं गळली की कारखान्यात नेतो, बर्फाच्या गोदामात दाराजवळ ठेवतो. शिमग्याला परत घरी.”

ह्या घामट अंधेरीत ह्या माणसाने एका झाडापुरता हिवाळा राखला होता!

त्याने एक पाकळी चिमटीत धरली आणि सोडली. “जरा हात लावून सांग ना, कशी लागते? बर्फाच्या लाद्या उचलून उचलून माझ्या बोटांना आता काय कळत नाय.”

मी पाकळीवर बोट ठेवलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि हळूहळू हसला.