धर म्हणजे धर!

आमच्या टेनिस कोर्टाच्या जाळीमागे मेंदीचं दाट कुंपण आहे. त्यात गेलेला चेंडू कोणी शोधत नाही. पावसाळ्याआधी माळी कुंपण छाटतो, तेव्हा मात्र ढीगभर निघतात. किस्स्यांचंही तसंच असतं. फक्त यांतल्या कितींना अजून उसळी आहे, याची मला खात्री नाही. कर्नल जाधवांना विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आधी माफी मागता आणि मग किस्सा सांगता. उलट करा की राव!"

तर माफी राहू दे.

हे कोर्ट लखनौच्या जानकीपुरममधल्या आमच्या कॉलनीतलं. रोज सकाळी आम्ही चौघं तिथे असतो. कर्नल साताऱ्याचे, फौजेतून निवृत्त होऊन इथेच राहिलेले. मिश्राजी अस्सल लखनवी, निवृत्त प्रिन्सिपल. खान साहेबांची मलिहाबादला आमराई आहे. आणि मी. नावापुढचं 'डॉक्टर' रसायनशास्त्राचं, त्यामुळे कोणाच्याच उपयोगाचं नाही.

*

मिश्राजी खेळायला नवे होते, तेव्हाची गोष्ट. शिकवायला अर्थात कर्नल! त्यांची हिंदी साताऱ्याहून निघालेली आणि अजून वाटेतच असलेली.

"मिश्राजी, पहले रॅकेट धरो!"

मिश्राजींनी रॅकेट अदबीने बाकावर ठेवली.

"अरे, धरो!"

मिश्राजींनी ती थोडी आत सरकवली.

"ठीक से धरो!"

मिश्राजींनी रुमालाने बाक पुसला आणि रॅकेट पुन्हा ठेवली. कर्नल लालबुंद! "धरो मतलब धरो!"

"कर्नल साहब, अब और कहाँ धरें? ज़मीन पर?"

शेवटी मी मध्ये पडलो. इकडे 'धर दो' म्हणजे खाली ठेवून दे; आपल्याकडे 'धर' म्हणजे पकड. मिश्राजींना हा शोध फार आवडला. तेव्हापासून कोर्टावर कोणाचीही पकड ढिली दिसली, की ते शुद्ध मराठीत ओरडतात, "घट्ट धरा!"

आणि अलीकडे ते सगळ्यात जास्त मलाच ओरडायला लागले होते.

*

कारण गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या हातातून दुधाचं पातेलं सुटलं. उकळतं. सुलभाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पाय थोडक्यात वाचला. दुर्दैवाने त्याच वेळी पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल चालू होता. अनघाने सगळं पाहिलं.

"बाबा, बस झालं. फ्लॅट विकायचा आणि तुम्ही दोघांनी पुण्याला यायचं."

मानेत नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, मूठ वापरत राहा. मी अनघाला हेच सांगितलं. बरीच वादावादी झाली. शेवटी ती म्हणाली, "जूनमध्ये येते. माझ्यासमोर एक सेट खेळा. रॅकेट एकदाही पडली नाही, तर पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. पडली, तर बॅगा भरायच्या."

अर्धं आयुष्य या शहरात गेलं. ते आता माझ्या पाच बोटांवर आलं होतं.

मी पकड शिकवणारं एक साधन ऑनलाइन मागवलं. रॅकेटच्या मुठीवर बसवायचा प्लास्टिकचा साचा. त्यात प्रत्येक बोटासाठी खाच. बोटं खाचांत बसली की पकड आपोआप बरोबर! माझं एकही बोट बसेना. आठवडाभर प्रयत्न केला. रात्रीची झोप उडाली. वाटलं, हात वाटला होता त्याहून पुष्कळ बिघडलाय. न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंटसुद्धा घेतली.

कर्नलनी साचा हातात घेऊन फिरवून पाहिला. "डॉक्टर, तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता हो?"

"डावे आणि उजवे रेणू ओळखायचो. दिसायला सारखेच असतात, पण..."

"हा डाव्या हाताचा आहे!"

*

मग कर्नलनी स्वतःचा इलाज काढला. रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. तर्जनीचं मूळ दुसऱ्यावर टेकलं पाहिजे. तिथे त्यांनी सुलभाची एक टिकली चिकटवली. बोटाला टिकली लागली की पकड बरोबर.

त्याच दिवशी खेळून परस्पर हजरतगंजला बँकेत जावं लागलं. काउंटरवरच्या मुलीने माझी सही दोनदा पाहिली, मग संगणकात पाहिली. "सर, सिग्नेचर मॅच नहीं हो रहा." पुन्हा केली. आणखी वाईट आली. मागे रांग, मला दरदरून घाम. मी सारखा कपाळ पुसत होतो. तिने ऑफिसरला बोलावलं. तो सहीकडे बघेचना, माझ्या तोंडाकडेच बघत राहिला.

मग हळूच त्या मुलीला म्हणाला, "कर दीजिए, पूजा से उठकर आए हैं."

मला काही कळेना. घरी सुलभाने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. "अहो, मी अजून आहे म्हटलं! माझ्या टिकल्या तुम्ही कशाला लावून फिरताय?"

*

खान साहेब कमी बोलतात. ते एक दिवस पहिल्या पाडाच्या दशहरी आंब्यांची करंडी घेऊन आले.

"डॉक्टर साहब, ये प्लास्टिक-व्लास्टिक छोड़िए. रॅकेट को ऐसे पकड़िए जैसे चूसने वाला आम. इतना कि छूटे नहीं, और गुठली को ख़बर भी न हो."

कोयीला पत्ता लागू न देता मी आंबा हातात घेऊन कोर्टाला फेऱ्या मारू लागलो. बरं चाललं होतं. मिश्राजी काहीतरी सांगत होते, मी माना डोलवत होतो.

"डॉक्टर साहब," मध्येच थांबून ते म्हणाले, "गुठली को तो ख़बर हो गई!"

पांढऱ्या शर्टावर रसाचे ओघळ! सगळे पोट धरधरून हसले. मीही हसलो. पण आंबा कधी फुटला, ते मला बोटांत कळलंच नव्हतं. मिश्राजींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. त्या दिवशी ते एकदाही "घट्ट धरा" म्हणाले नाहीत.

*

अनघा आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईशेजारी बाकावर बसली, मोबाइल पर्समध्ये टाकून. म्हणजे पूर्ण लक्ष! मी आणि कर्नल एका बाजूला, मिश्राजी आणि खान साहेब जाळीपलीकडे.

सेट लांबला. पाच-पाच झाले. रॅकेट पडली नव्हती, पण करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मघाशीच झोपी गेली होती. मूठ घामाने निसरडी झालेली. कर्नल कुजबुजले, "डॉक्टर, थोडंच राहिलंय."

खान साहेबांनी चेंडू उंच टाकला. मी हात वर नेला आणि मला समजलं, मूठ सुटतेय. सुलभालाही दिसलं. ती ताडकन उठली.

"अहो, धरा!"

खट्ट.

चेंडू कुठे गेला, मला ठाऊक नाही. माझी रॅकेट पायाशी पडली होती. पुणे, फ्लॅट, बॅगा, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मान वर करायचा धीर होईना.

तेवढ्यात दुसरा आवाज आला. मी पाहिलं. मिश्राजींनी वाकून आपली रॅकेट जमिनीवर ठेवली होती.

"भाभीजी ने कहा धरा," ते म्हणाले, "तो हमने धर दिया."

खान साहेबांनी आपलीही ठेवली. माझ्या शेजारी गुडघे वाजले. कर्नल वाकत होते.

अनघा कोर्टात आली. जमिनीवरच्या चार रॅकेटींकडे तिने आळीपाळीने पाहिलं. "बाबा, रॅकेट पडली ना?"

मी तोंड उघडणार, तोच मिश्राजी म्हणाले, "गिरी कहाँ, बिटिया? धरी है."

मग अनघाने माझी रॅकेट उचलली. ओढणीने मूठ कोरडी पुसली, आईकडून ऐकलेला तो दुसरा पैलू शोधून माझं बोट त्याच्यावर टेकवलं आणि बाकी बोटं एकेक करून मिटवली.

"घट्ट धरा," ती म्हणाली.

'धरा' ऐकताच जाळीपलीकडे मिश्राजींनी नुकतीच उचललेली रॅकेट पुन्हा खाली ठेवली.