माळावर बसणाऱ्या बाई

डॉ. कुमुद रणपिसे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चाकणच्या पलीकडच्या एका माळावर, मे महिन्याच्या उन्हात, भुईवर मांडी घालून बसल्या होत्या. चपला शेजारी काढून ठेवलेल्या, डोक्यावर सुती साडीचा पदर, मांडीवर पाण्याची बाटली. आम्ही बाकीचे उभे होतो, कारण आम्ही कामावर होतो. आमच्या जीपचे चालक रफीकभाई माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "देसले साहेब, मॅडमला चक्कर आली काय? घेऊ का गाडीत?"

"चक्कर नाही आली," बाई मागे न बघता म्हणाल्या. "तुम्हीही या. आधी बसा, मग बघा."

रफीकभाई दापोडीचे. आयुष्यभर इंजिनाखाली झोपलेला माणूस. त्यांना जमिनीचं वावडं नव्हतं. ते खुशाल बसले. मी बसलो नाही. माझी पँट नवीन होती.

आमच्या कंपनीचं ऑफिस संत तुकाराम नगरात एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. नवा रस्ता, कारखाना किंवा गोदाम झाल्यावर आसपासच्या निसर्गाचं काय होईल, हे आम्ही आगाऊ लिहून देतो. फारसं काही होणार नाही, असं बहुतेक वेळा आमच्या लक्षात येतं. त्या अहवालात माझ्याकडे आवाज आणि धूळ ही दोन प्रकरणं असतात. झाडोऱ्याच्या प्रकरणासाठी आमचे संचालक कुलथे साहेब यांनी या वेळी बाईंना बोलावलं होतं. त्या आकुर्डीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. अहवालावर डॉक्टरेटवाल्या बाईंची सही असली की तो वजनदार होतो, असं साहेबांचं मत. त्या सहीबरोबर बाईही येतात, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

काम साधं होतं. चाकणच्या कारखान्यांचे कंटेनर एका गावातून, शाळेच्या फाटकाला घासून जायचे. म्हणून रस्ता गावाबाहेरून, टेकडीखालच्या माळावरून वळवायचा होता. तिथली झाडं मोजायची आमची पद्धत अशी: छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळायची. ठरावीक घेराच्या वर भरलं तर ते झाड, नाहीतर ते काहीच नाही. माळावर थोडे हिवर होते, बोरी होत्या, एक कलता पळस होता. तासाभरात मोजून झाले. खाली होतं ते सगळं तपकिरी, वाळलेलं गवत. गवताला छाती नसते. आमच्या माणसाने लिहून टाकलं, 'पडीक जमीन, विरळ झाडोरा.'

बाईंनी तो कागद घेतला आणि 'पडीक' हा शब्द खोडून तिथे 'माळ' असं लिहिलं. म्हणाल्या, "पडीक माणसं असतात. जमीन नसते."

मग त्यांनी सांगितलं की पाऊस होऊन जाईपर्यंत त्या सही करणार नाहीत. कुलथे साहेबांनी फोनवर फार गोड आवाजात समजावलं. "मॅडम, रस्त्याला थांबायला वेळ नाहीये हो."

"नसू दे. मला आहे," बाई म्हणाल्या. "मे महिन्यात माळ बघणं म्हणजे झोपलेल्या माणसाची मुलाखत घेणं. काही बोलला नाही म्हणून मुका ठरवाल?"

साहेबांना सही हवी होती. आम्ही थांबलो.

त्या पावसाळ्यात कागद घेऊन मी अधूनमधून आकुर्डीला त्यांच्या घरी जायचो. बाई एकट्या राहायच्या. घरात पुस्तकं होती आणि टीव्हीवर कायम एखादी खुनाची मालिका. खुनी कोण हे त्यांचं हमखास चुकायचं, पण त्याबद्दल त्या जराही खट्टू व्हायच्या नाहीत. नकाशा त्यांना वाचता यायचा नाही. उत्तर दिशा दाखवली की "तुमच्या कागदावर असेल," म्हणायच्या. चहा त्या अतिशय वाईट करायच्या आणि दुसरा कप आग्रहाने द्यायच्या. माझी दोन्ही प्रकरणं त्यांनी न मागता वाचली आणि समासात एवढंच लिहिलं, 'हे कोणासाठी लिहिलंय?' त्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

त्यांच्या गॅलरीत एक मोठी कुंडी होती. तिच्यात नुसती माती. कुठल्याशा माळावरची माती आणून त्यांनी तशीच भरून ठेवली होती. उगवेल ते उगवू द्यायचं, हा त्यांचा बेत. शेजारच्या काकूंना त्या रिकाम्या कुंडीचं फार वाईट वाटे. एकदा बाई गावाला गेल्या असताना काकूंनी प्रेमाने तिच्यात सदाफुली लावली. बाईंनी आल्यावर ती मुळासकट अलगद काढली, डब्यात घातली, काकूंच्या दारात नेऊन दिली आणि म्हणाल्या, "तुमचं रोप चुकून माझ्याकडे आलं होतं."

भाद्रपदात आम्ही पुन्हा माळावर गेलो. या वेळी मी जुनी पँट घातली होती आणि बसलो. बसल्यावर गवत खांद्याला लागलं. उभं असताना जे एकसारखं हिरवं दिसत होतं, ते खाली आल्यावर एकसारखं राहिलं नाही. पवन्या निराळा, कुसळी निराळी, त्यांच्या बुडाशी बोटभर उंचीची फुलं. बाईंनी एका काटकुळ्या वेलीकडे बोट दाखवलं. तिला छोट्या कंदिलासारखी हिरवट फुलं होती. "ही खर्चुडी. पावसाळा सरला की वरची वेल वाळून जाते, फक्त कंद राहतो. मे महिन्यात तुमचा टेपवाला हिच्या डोक्यावर उभा होता." थोड्या अंतरावर एक चंडोल गवतातून उठला, आणि बाईंनी आम्हाला तिकडे जाऊ दिलं नाही, घरटं जमिनीवर असणार म्हणाल्या. मग त्या लाकडी चौकट टाकून तिच्यातल्या वनस्पती मोजत बसल्या. रफीकभाई चौकट उचलायचे, पुढे नेऊन ठेवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, इथे तर जत्रा भरलीय."

मला वाटलं, आता बाई रस्त्याला विरोध करणार. त्यांनी केला नाही. दुसरा मार्ग गावाच्या विहिरींवरून आणि कांद्याच्या वावरांतून जात होता, आणि शाळेचं फाटक त्यांनी स्वतः उभं राहून पाहिलं होतं. "रस्ता माळावरूनच जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण काय जातंय ते लिहायचं." अहवालात आम्ही नेहमी 'परिणाम सौम्य करता येण्याजोगा' असं लिहितो. बाईंनी लिहिलं, 'अर्धा माळ जाईल. तो परत येणार नाही.' साहेबांनी ते वाक्य तीनदा वाचलं. त्यात चूक काढता येईना, म्हणून ते नाराज झाले.

खरी अडचण पुढे होती. रस्त्यासाठी तोडलेल्या झाडांच्या बदल्यात कितीतरी पट झाडं लावायची, अशी अट असते. त्यासाठी जागा लागते, आणि आमच्याच कंपनीने सुचवलेली जागा होती माळाचा उरलेला अर्धा भाग. तिथे खड्डे खणायचे, गुलमोहर आणि गिरिपुष्प लावायचं, भोवती तारेचं कुंपण. म्हणजे अर्धा माळ रस्ता घेणार आणि अर्धा त्या नुकसानीची भरपाई घेणार. ते पान वाचून बाईंनी ते माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "देसले, हे कोणी दुष्टपणाने लिहिलेलं नाही ना?"

"नाही बाई. जागा रिकामी दिसली म्हणून लिहिलं."

"तेच," त्या म्हणाल्या. "शेजारच्या काकू."

जनसुनावणी गावच्या देवळासमोर मांडवात झाली. अधिकाऱ्यांसाठी पांढरी खोळ घातलेले सोफे होते. पर्यावरणाचा कार्यक्रम, म्हणून पुष्पगुच्छाऐवजी प्रत्येकाला एकेक रोप दिलं गेलं. ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. भाषणांत धरणीमातेचा उल्लेख बराच झाला. मग बाई उठल्या आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की उरलेल्या माळावर एकही झाड लावू नये.

मांडव हसला. सरपंच तानाजीराव वयाने म्हातारे, गावातल्या जुन्या घराण्यातले. ते माईक न घेताच म्हणाले, "बाई, झाडं तोडायला इरोध करणारे आमी लई बघितले. लावायला इरोध करणाऱ्या तुमीच पयल्या. आन वर झाडांच्या डॉक्टर."

"सरपंच, तुमच्या म्हशी काय खातात?"

"गवात. दुसरं काय खात्यात?"

"कुठलं?"

"माळावरचं. दिवाळी झाली की कापून आणतो."

"गुलमोहर खातील?"

"वास बी घ्यायच्या न्हाईत."

"मग कुंपण पडल्यावर त्यांना काय घालाल?"

तानाजीराव सोफ्याकडे वळले. "सायेब, कुंपन बी हाय व्हय? हे तर कुणी बोललं न्हाई."

त्यानंतर सुनावणी फार चालली नाही. झाडं जुन्या रस्त्याच्या कडेला लावायची असं ठरलं, जिथले वड मागच्या रुंदीकरणात गेले होते. आणि लावायचे ते वडच, असं बाईंनी लिहून घेतलं. आमच्या कंपनीने पुढे याचं वर्णन 'वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विजय' असं केलं. बाई म्हणाल्या, "म्हशींचं नावही घाला." ते घातलं गेलं नाही.

रस्ता झाला. शाळेसमोरून कंटेनर जायचे थांबले. उरलेला माळ राहिला. बाई दर भाद्रपदात रफीकभाईंना घेऊन तिथे जायच्या. काही मोजायच्या नाहीत, नुसत्या बसायच्या. मागच्या वर्षी त्यांचं फुफ्फुसाचं दुखणं वाढलं आणि त्या माळावर गेल्या नाहीत. दिवाळीच्या थोडं आधी त्या वारल्या.

शोकसभा आमच्याच ऑफिसात झाली. बाईंबद्दल कुलथे साहेबांना मनापासून आदर होता. तो नक्की कशाबद्दल होता एवढंच त्यांना माहीत नव्हतं. "आपण मॅडमच्या नावाने त्यांच्या आवडत्या माळावर झाडं लावू," ते म्हणाले. "छोटंसं स्मृतिवन."

मी म्हणालो, "साहेब, बाईंचं त्या जागेबद्दल म्हणणं होतं की..."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती, देसले. ती भरपाई होती. ही श्रद्धांजली आहे."

दिवाळीनंतर आम्ही निघालो. पुढे रफीकभाईंची जीप, मागे रोपांचा टेम्पो, टेम्पोत बाईंचं नाव कोरलेली काळी फरशी. माळावर गवत सोनेरी झालं होतं. तानाजीराव आणि घरची माणसं ते कापत होती. टेम्पो बघून ते विळा घेऊनच आले.

"काय आणलं?"

साहेबांनी सांगितलं. तानाजीरावांनी फरशीवरचं नाव सावकाश वाचलं. "बाई गेल्या?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. त्यांनी टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली, पुन्हा घातली.

"सायेब, बाईंनी भर मांडवात सांगितलंय, हितं काय लावायचं न्हाई. त्या हुत्या तवर कुणी लावलं न्हाई. आता बोलायला त्या न्हाईत, म्हनून लावायचं व्हय?"

शोकसभेत माझं अर्धं राहिलेलं वाक्य तानाजीरावांनी पुरं केलं होतं. साहेबांनी टेम्पो जुन्या रस्त्याकडे, वडांच्या ओळीत जिथे जागा होती तिकडे पाठवला. फरशी परत ऑफिसात आली. ती जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

टेम्पो गेल्यावर साहेब माळाच्या कडेला उभेच राहिले. कडक इस्त्रीची पँट, हातात न वाचलेलं भाषण. "एवढं काय होतं मॅडमना इथे?" ते स्वतःशीच म्हणाले.

रफीकभाई केव्हाच चपला काढून बसले होते. "उभ्याने नाही कळायचं साहेब," ते म्हणाले. "आधी बसा."

साहेबांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. खिशातला रुमाल काढून गवतात अंथरला आणि बसले. मी वरून पाहत होतो. गवतात त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. कुसळं त्यांच्या मोज्यांत शिरत होती, पण ते बराच वेळ उठले नाहीत.

मग मीही बसलो.