सिनेमातून मी काढलेली दोन मिनिटं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, दोन घोट पोटात गेले की ज्यांच्यापुढे माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या दापोड्याच्या नाक्यावर चहा पिताना समोर येणार नाही. पण एकदम मुद्द्यावर येणं मला जमायचं नाही — आधी सिनेमाचं सांगतो. ते सोपं आहे. त्यात निदान हसण्यासारखं काहीतरी आहे.

माझा चुलतभाऊ नितेश याने दोन वर्षांपूर्वी भुताचा सिनेमा काढला. काढला म्हणजे काय — घरचाच कॅमेरा, घरचंच गोडाऊन, घरचीच माणसं. गोडाऊन आप्पांचं, म्हणजे माझ्या काकांचं, नितेशच्या वडिलांचं. मी तिथे सुपरवायझर आहे, आणि उरलेल्या वेळात हळदी-लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. म्हणून सिनेमाचं एडिटिंग आणि आवाजाचं काम माझ्या गळ्यात पडलं. भूत झाली नितेशची बायको, कारण पांढरी साडी नेसून केस मोकळे सोडायला गावात दुसरी कोणी तयार होईना. तोंडाला थापलेली पावडर घामाने अशी ओघळली, की भूत कमी आणि चक्कीवरून दळण घेऊन आलेली बाई जास्त वाटत होती.

पहिला खेळ आम्ही गोडाऊनमध्येच लावला, भर दुपारी, अंधार व्हावा म्हणून शटर खाली ओढून. सगळं गाव आलं होतं. दहाव्या मिनिटाला लोक हसायला लागले. अर्ध्या तासाने हसणंही थांबलं आणि बायका आपापसात कोणाच्या तरी साखरपुड्याचं बोलू लागल्या. शेवटी भूत अगदी जवळून दाखवलं, तेव्हा मागून कोणीतरी वहिनीला चहा टाकायला सांगितलं.

तेव्हापासून नितेश मला विचारतो — गोष्ट एवढी जबरदस्त होती, मग कोणी घाबरलं का नाही? मी त्याला कारणं देतो. लाइट कमी पडले, भूत ओळखीचं निघालं, हिरोला रडता येत नव्हतं. सगळी कारणं खरी आहेत, म्हणून तर द्यायला बरी. स्वस्तातल्या भुताच्या सिनेमांचं असंच होतं, असंही मी त्याला सांगतो. दार उघडलं की धडाम, मांजर गेली की धडाम, माणूस चार वेळा दचकतो आणि पाचव्यांदा जांभई देतो. नितेश मान हलवतो. तो चांगला मुलगा आहे, मी सांगेन ते त्याला पटतं.

पण पैशाचा काय संबंध? बंद दाराला कुठे पैसे लागतात? माणसाला घाबरवायला एक बंद दार पुरतं, फक्त ते बंद ठेवायचं धाडस लागतं. भूत जोपर्यंत दिसत नाही तोपर्यंत बघणारा विचार करत बसतो — आत काय असेल, कोण असेल. एकदा का साडी नेसवून समोर उभं केलं, की विचार संपला. नितेशला हे कळत होतं. भूत पहिल्या पाच मिनिटांतच दाखवायचं हा हट्ट माझा होता.

त्याने एक शॉट घेतला होता. दोन मिनिटांचा, गोडाऊनच्या बंद शटरचा, बाहेरून, दुपारच्या उन्हात. आजूबाजूला कोणी नाही. आणि आतून कोणीतरी ठोकतंय — तीनदा. मग शांत. मग पुन्हा तीनदा, जरा हळू. आत नितेश स्वतःच बसून ठोकत होता, मला माहीत होतं, मीच माइक लावला होता. तरी ते बघताना मी मधेच लॅपटॉप मिटला. नितेश खूश झाला, म्हणाला तुला भीती वाटली म्हणजे काम झालं. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं की कार्ड खराब निघालं, तो शॉट गेला. पुन्हा घेऊ म्हणाला, तर मी म्हटलं, लोक दोन मिनिटं शटर बघत बसणार आहेत का? त्या जागी मी पैंजणांचा आवाज आणि धडाम टाकलं.

कार्ड खराब नव्हतं. फाइल मी उडवली. का उडवली, हे सांगायचं म्हणून एवढं फिरत बसलोय.

सिनेमाची गोष्ट खरी होती, निदान आमच्याकडे सगळे ती खरीच मानतात. आमच्या गोडाऊनवर लहानू नावाचा माथाडीकाम करणारा माणूस होता. डोंगराकडच्या पाड्यावरचा, वारली, अंगाने किरकोळ पण खोकी उचलायला दोघांना भारी. सिनेमाच्या काही वर्षं आधी एका सोमवारी सकाळी आम्ही गोडाऊन उघडलं, तर लहानू आत. शनिवारी दुपारी कुलूप लागलं तेव्हा आत कोणी नव्हतं. कुलपं जशीच्या तशी होती, मागचं दार बंद होतं. मग माणूस आत गेला कसा? भुताने नेला. सगळ्या गावाला एवढं कळलं, आणि नितेशला सिनेमा सापडला.

आता तुम्ही विचाराल, शनिवारी आत कोणी नव्हतं हे कोणी सांगितलं?

मी सांगितलं.

त्या शनिवारी टेमघरला आत्याच्या मुलाची हळद होती. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, वॉचमनलासुद्धा आप्पांनी टेम्पोत घालून नेलं होतं. मे महिना होता. मी मागे राहिलो ते फक्त बंद करायला. रोज बंद करण्याआधी खोक्यांच्या रांगांमधून एक चक्कर मारायची असते, जेवण झाल्यावर माणसं तिथे आडवी होतात हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी चक्कर मारली नाही. हाकही मारली नाही. नवा पांढरा शर्ट घातला होता, आत धूळ होती — एवढंच कारण. शटर ओढलं, दोन्ही कुलपं लावली.

एवढंच असतं तर मी कधीच बोलून टाकलं असतं. चूक कोणाच्या हातून होत नाही?

मी गाडीला किक मारणार, तेवढ्यात आतून ठोकल्याचा आवाज आला. तीनदा. ऊन चढलं की पत्रे वाजतात, तसं असेल असं मी मनाला सांगितलं. पण पत्रे तीनदा वाजून थांबत नाहीत, आणि पत्रे हाक मारत नाहीत. आतून आवाज आला, "ओ हरेशदादा." रागाने नाही हो, घाबरूनही नाही. चूक त्याचीच असल्यासारखा, जरा ओशाळून.

कुलपं जमिनीलगत आहेत. गुडघे टेकून उघडावी लागतात. मला उशीर झाला होता, आणि शर्ट पांढरा होता. टेमघरला पोचलो की कोणाला तरी चावी देऊन पाठवतो, असं मी ठरवलं — अगदी मनापासून ठरवलं — आणि गाडी सुरू केली. हळदीत डीजे होता, पोरं होती, पिणं होतं. मी विसरलो. विसरलो हे खरं आहे. पण ते पुढच्या दिवसापर्यंतच खरं आहे.

रविवारी दुपारी लग्न लागलं आणि जेवणावळी सुरू झाल्या, तेव्हा मांडवाच्या कडेला लहानूची बायको येऊन उभी राहिली. बुधी तिचं नाव. पाड्यावरून टेमघरपर्यंत मला शोधत आली होती. लहानू कालपासून घरी आला नव्हता, आणि त्याचा फोन गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये चार्जिंगला लावलेला तिला खिडकीतून दिसला होता. तिने विचारलं, लहानू कुठे आहे. सगळं एका क्षणात आठवलं — ठोकणं, हाक, सगळं. चोवीस तास होऊन गेले होते. मेचं ऊन, वरती पत्रा.

चावी माझ्या खिशात होती. गाडी मांडवामागे होती. वीस मिनिटांचा रस्ता.

मी तिला म्हणालो, टेम्पोबरोबर नाशिककडे गेला असेल, येईल उद्या. आणि तिच्या हातात जेवणाचं पान दिलं, जिलबी जास्त घातली. ती गेली. मी गेलो नाही. का नाही गेलो? कारण मला वाटलं, तो मेला असेल. शटर उघडलं आणि तो समोर पडलेला असला, तर तिथे एकटा मी असणार, चावी माझ्या हातात असणार. सोमवारी उघडलं तर बरोबर चार माणसं असतील. असा हिशेब मी जिलबी खात केला. तो जिवंतही असू शकतो, अजून ठोकत असू शकतो, हेही मनात आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणणार नाही.

त्या संध्याकाळी मी नाचलो. माझ्याकडे व्हिडिओ आहे, मीच एडिट केलाय. बघितला की कळतं, खरी भीती वाटणारा माणूस किती साधा दिसतो.

सोमवारी आप्पा होते, वॉचमन होता, दोन माथाडी होते. शटर वर गेलं. लहानू शटरला टेकून बसला होता, म्हणून आधी तो बाहेरच कलंडला. आत पाण्याचा जार होता, तळाशी थोडं पाणी होतं, त्याच्यावर वाचला. दोन्ही हात सुजून त्यांचा आकार गेला होता. डोळे उघडे होते पण तो कोणालाच ओळखत नव्हता. आप्पांनी माझ्याकडे वळून विचारलं, बंद करताना बघितलं होतंस ना? मी म्हणालो, सगळं फिरून बघितलं, दोन हाका मारल्या, आत कोणी नव्हतं.

आमचं भूत त्या वाक्यातून जन्माला आलं. त्याला दुसरी आई नाही.

आठवड्याने लहानू बोलायला लागला. भूत उतरवायला भगत बोलावला होता, गोडाऊनच्या दारात नारळ फुटला होता, सगळे जमले होते. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "मी त आतच व्हतो. निजलेलो. मी ठोकला पन." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा तेच सांगितलं, दोन हाका मारल्या होत्या. लहानूने माझ्याकडे बघितलं. त्याने आतून मला नावाने हाक मारली होती, ते तो तिथे बोलला असता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. मान खाली घालून तो एवढंच म्हणाला, "आसंल."

भगताने सांगितलं, भुताने धरलेला माणूस असंच बोलतो.

त्यानंतर त्याला कोणी कामावर घेतलं नाही. आम्ही तर नाहीच, पण आजूबाजूच्या गोडाऊनवालेही नको म्हणाले — कोण कशाला भूत घरात घेईल? बुधी वीटभट्टीवर जाते, त्याच्यावर घर चालतं. लहानू छपराखाली झोपत नाही. पावसाळ्यात अंगणात चार बांबूंवर ताडपत्री टाकून तिच्याखाली पडतो, चारी बाजू उघड्या ठेवून. हे मी त्यांच्या पाड्यावर जाऊन बघितलंय. एकदा तांदूळ घेऊन गेलो होतो. बुधीने मला पाणी दिलं, आणि लहानूने उठून मला बसायला जागा करून दिली.

सिनेमाच्या खेळाला ती दोघं आली होती. नितेशने आवर्जून बोलावलं होतं, गोष्ट त्यांची ना! लहानू आत आला नाही, बाहेर आंब्याखाली उभा राहिला. बुधी पुढे बसली. लोक हसत होते, गप्पा मारत होते, आणि ती एकटीच पडद्यावरून नजर न हलवता बघत होती. मला वाटलं, बिचारीला सिनेमाची हौस असेल. ती उत्तर शोधायला आली होती, हे मला नंतर कळलं.

खेळ संपला. लोक निघाले, मी वायरी गुंडाळत होतो. ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "दादा, ती साडीवाली त नितेशदादाची बायको हाय. मंग माज्या मानसाला आत कोनी नेला?"

तिथे दुसरं कोणी नव्हतं. आप्पा नव्हते, भगत नव्हता, घाई नव्हती, अंगात पांढरा शर्टही नव्हता. इतक्या वर्षांत मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.

मी म्हणालो, "खरा भूत कॅमेऱ्यात येत न्हाय, बुधी."

तिने मान हलवली. बाहेर गेली आणि आंब्याखाली लहानूला काहीतरी सांगितलं — माझंच वाक्य असणार. त्याने ऐकलं, वळून माझ्याकडे बघितलं, आणि पटल्यासारखी त्यानेही मान हलवली.

त्याला आत कोणी नेलं नव्हतं. तो आतच होता, आणि मला माहीत होतं.