बाईंच्या स्वयंपाकघरातला आवाज

ती घटना मी अजून विसरलो नाही. तक्रार ऐकून आमचे ठाणे अंमलदार आधी हसले होते. विश्रांतवाडीत एकट्या राहणाऱ्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई सकाळीच अर्ज घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं, आदल्या दुपारी स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यातून पुरुषाचा आवाज आला, 'बाई, उठा, गॅस चालू आहे.' अंमलदारांनी नोंदीत 'स्वयंपाकघर' चुकीचं लिहिलं, ते बाईंनी तिथेच दुरुस्त करून घेतलं.

पोलीस ठाण्यातल्या सायबर तक्रारी माझ्याकडे होत्या. गॅस खरंच चालू होता का, असं मी विचारलं.

"होता. नसता तर भास म्हणून सोडून दिलं असतं."

परदेशातल्या मुलाने काळजीपोटी कॅमेरे आणि दाराचं स्मार्ट कुलूप बसवून दिलं होतं. सगळं हॉलमधल्या एका छोट्या बॉक्सला जोडलेलं, बॉक्स कंपनीच्या क्लाउडला, आणि तिथून मुलाच्या फोनवर. आमच्या पत्रावर कंपनीने लॉगिनची नोंद दिली. त्यात मुलाखेरीज हडपसरचं एक कनेक्शन होतं, आणि तेच इतर अनेक घरांतही शिरत होतं. ते कनेक्शन कॅमेरे बसवणाऱ्या माणसाचं निघालं; त्याने सगळ्या घरांना एकच पासवर्ड ठेवला होता. तो एक शब्द चोराच्या हाती पडता, तर त्या सगळ्या घरांची दारं उघडली असती. अंमलदारांचं हसू तिथे थांबलं.

बसवणारा पन्नाशीचा, हडपसरला छोटं दुकान असलेला. नोटीस देऊन बोलावलं. तासभर तो एकच सांगत राहिला, दुरुस्तीसाठी बॉक्स तपासावे लागतात. मी फक्त एवढंच म्हणालो की विश्रांतवाडीच्या एका बाईंनी तक्रार दिली आहे. तो अर्धा ग्लास पाणी प्यायला.

"बऱ्या आहेत ना त्या? आता गॅसकडे लक्ष देतात का?"

गॅसचं नाव मी काढलंच नव्हतं. मी कोरा कागद पुढे ओढला.

मग त्याने सगळं सांगितलं. बायको गेल्यापासून तो दुकानातच डबा खायचा. एकदा दुरुस्तीसाठी कॅमेरा उघडला, तर बाई मोठ्याने शब्दकोडं सोडवत होत्या. त्यानंतर तो रोज ऐकू लागला, मनातल्या मनात उत्तरं देऊ लागला. त्या दुपारी दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि बाई खुर्चीतच झोपल्या होत्या. बोललो तर पकडला जाणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो बोलला.

गुन्हा दाखल झाला, पंचनामा करून फोन आणि संगणक जप्त केला. पुढे आमच्या हवालदाराबरोबर तो घरोघरी गेला, आपली चूक स्वतः सांगितली आणि प्रत्येकाला नवा पासवर्ड टाकायला लावला. बाईंकडे मीही गेलो.

बाई त्याला म्हणाल्या, "तुमच्यामुळे मी जिवंत आहे, हे मी कोर्टात सांगेन. आणि न विचारता माझ्या घरात होतात, हेही सांगेन."

"हो बाई," तो म्हणाला.

पासवर्ड टाकताना बाईंनी त्याला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं. तो निमूट उभा राहिला. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा दिला.

कोर्टात त्यांनी दोन्ही गोष्टी तितक्याच ठामपणे सांगितल्या. शिक्षा झाली, पण सौम्य. इतक्या वर्षांत मी पाहिलेले बहुतेक साक्षीदार एकच बाजू धरून बसायचे. आपल्या घराची किल्ली कोणाकडे आहे हे विचारणं म्हणजे समोरच्याला वाईट ठरवणं नव्हे, हे मला आरोपीने नाही, फिर्यादीने शिकवलं.