आत्याचा तापाचा ट्रस्ट

दान घेणाऱ्याला घाम फोडणारी बाई सबंध कर्जत तालुक्यात एकच आहे, आणि ती माझ्या बायकोची आत्या आहे. वर्गणी मागायला आलेल्या माणसाला ती आधी ओट्यावर बसवते, चहा देते, आणि चहा संपेपर्यंत इतकी चौकशी करते की आपण कशासाठी आलो होतो हेच तो विसरतो. तिच्या गावच्या, कडावच्या विहारावर नवे पत्रे घालायचे ठरले तेव्हा तिने मंडळींना विचारलं, पत्रा कुठल्या दुकानातला, किती जाड, आणि गळायला लागला तर वर चढणार कोण. शेवटचा प्रश्न घेऊन मंडळी परत गेली. दुसऱ्या दिवशी ते उत्तर घेऊन आले, तेव्हा तिने मागितल्यापेक्षा जास्त दिले. आत्याला नाही म्हणायचं नसतंच; तिला फक्त सगळं समजून घ्यायचं असतं, आणि समोरच्याला तेवढा दम नसतो.

आत्याच्या म्हशी आहेत, थोडं भातशेत आहे. दूध केंद्रावर दुधात काचेची नळी सोडली की पाणी किती घातलंय ते तिथल्या तिथे कळतं, याचं तिला फार कौतुक. पोराचा अभ्यास, भाजीवाल्याचा खरेपणा, नव्या सुनेचा स्वभाव, सगळ्यांसाठी अशी एकेक नळी निघायला हवी होती असं ती म्हणायची. आम्ही हसायचो. मामा गेले त्यानंतर हसणं थांबलं.

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. लावणी संपत आली असताना त्यांना ताप आला. त्या दिवसांत निम्म्या गावाला ताप असतो. गोळ्या घेतल्या, बरं वाटल्यासारखं झालं, मग डोळे पिवळे झाले आणि लघवी बंद झाली. ॲम्ब्युलन्स लगेच आली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी जिवापाड प्रयत्न केले, पण उशीर झाला होता. लेप्टो, असं ते म्हणाले. उंदरांच्या मुतातून शेतातल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. सुरुवातीलाच ओळखला तर साध्या औषधाने आवरतो. पण सुरुवातीला तो इतर तापांसारखाच दिसतो, आणि गावात होते त्या तपासणीत तेव्हा सापडत नाही.

वर्षभराने आत्याने रस्त्याकडेची जमीन फार्महाऊसवाल्यांना विकली आणि मामांच्या नावाने ट्रस्ट काढायचा म्हणाली. माझा मेहुणा साजगावच्या कारखान्यात सुपरवायझर आहे; हिशोबी, पण मनाने चांगला. त्याने ॲम्ब्युलन्स घेऊ या म्हटलं. गाडीवर मामांचं नाव राहील, गावाच्या कामाला येईल. सगळ्यांना ते पटलं. आत्या म्हणाली, “ॲम्ब्युलन्स आलीच व्हती रं. डॉक्टर पण चांगला व्हता. ताप कसला ते कळलं नाय, तिथं माणूस गेला. पैसा तिथं लावायचा.”

अशा रीतीने ट्रस्ट झाला. विश्वस्त तिघं: आत्या, मेहुणा आणि मी. माझी निवड कशावरून झाली असं विचारलं तर तिने सांगितलं की माझ्याकडे स्कूटर आहे आणि मी फार बोलत नाही. गावात त्याला कुणी धर्मादाय संस्था म्हटलं नाही. तापाचा ट्रस्ट हेच नाव पडलं. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत एक तरुण संशोधक बाई रक्ताच्या थेंबावरून लेप्टो पहिल्या दिवसांतच ओळखणारी पट्टी बनवायच्या खटपटीत होत्या. मोठ्या संस्था त्यांना सांगत, आधी थोडं जमवून दाखवा, मग पैसे देऊ. आणि थोडं जमवायलाही पैसे लागत. आत्याने त्यांना ओट्यावर बसवलं. बाई तीन कप चहा प्याल्या आणि टिकल्या.

आत्याच्या अटी मात्र जगावेगळ्या. वर्षातून एकदा कडावला यायचं आणि काय काम झालं ते विहारात सगळ्यांसमोर मराठीत सांगायचं. पडद्यावर चित्रं चालतील, इंग्रजी चालणार नाही. ‘आशादायक’ हा शब्द तर तिने पहिल्याच वर्षी बंद केला. तो डॉक्टर मामांबद्दल शेवटपर्यंत वापरत होते. निरोगी माणसांचंही रक्त तुलनेला लागतं असं बाईंनी सांगितल्यावर रक्त घ्यायच्या परवानग्या आल्या, आणि आत्याने स्वतः पहिला हात पुढे केला. मागून सगळी आळी आली. नळी कधी निघणार, हे मात्र ती दर महिन्याला फोन करून विचारायची. तिला वाटत होतं, पुढच्या लावणीपर्यंत होईल.

तशा काही लावण्या गेल्या. मग एका वर्षी बाई आल्या त्या पडद्याशिवाय. उभ्या राहून त्यांनी सरळ सांगितलं की पट्टी प्रयोगशाळेत चालली, पण खऱ्या तापाच्या रक्तात फसली. आजारी माणसाला ती निरोगी म्हणत होती. हा रस्ता चुकला.

मागून गावातल्या एकीने हळूच विचारलं, मग आमचं रक्त फुकट गेलं का? मेहुणा माझ्याकडे वळून म्हणाला की आता तरी थांबू या. उरलेल्यात गाडी येईल. मला त्याचं पटत होतं. तेवढ्यात आत्या उठली आणि बाहेर गेली. म्हशींच्या धारांची वेळ झाली होती. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. बाई खाली मान घालून पिशवीचा बंद गुंडाळत होत्या.

आत्या आली तेव्हा हाताला दुधाचा वास होता आणि डोळे लाल होते. तिने बाईंना विचारलं, याच रस्त्याने आणखी कोण चाललंय? बाई म्हणाल्या, आहेत, परदेशातही आहेत. त्यांना हे कळवलं का, असं तिने विचारलं. बाईंनी मानेनेच नाही म्हटलं. फसलेलं काम छापायला फारसं कुणी उत्सुक नसतं, त्या म्हणाल्या, आणि पुढचे पैसेही अडतात; म्हणून धीर होत नव्हता.

“तुझं नाय अडत,” आत्या म्हणाली. “छाप. काय चुकलं ते सगळं सांग त्यांना. आमची वर्षं गेली, त्यांची कशाला जायची?” मग मेहुण्याकडे बघून म्हणाली, “तुला गाडी पायजेल तर माझ्या मागून घे.” मेहुण्याने तिच्या बाजूने हात वर केला. मग मीही केला.

बाईंनी ते छापलं. ते वाचून दूरच्या एका प्रयोगशाळेने त्यांना पत्र पाठवलं. तिथे वेगळी वाट सापडत होती. दोघांनी मिळून काम धरलं, मग एक मोठी संस्था पुढे आली. आता पैसा भरपूर आहे, नियमही भरपूर आहेत, आणि आमच्या ट्रस्टचं नाव असलंच तर आभाराच्या यादीत कुठेतरी असतं. खात्यात जेमतेम उरलंय. दर महिन्याचा फोनही बंद झाला. आत्या म्हणाली, मोठ्या लोकांच्या कामात आपण कशाला फोन करायचा. हे म्हणताना ती जरा लहान झाल्यासारखी वाटली.

यंदा पावसाळ्यात आम्ही कडावला गेलो असताना बाईंचाच फोन आला. नवी तपासणी काही दवाखान्यांत करून बघताहेत. अजून काही सिद्ध झालेलं नाही, गावोगाव यायला वर्षं लागतील, आलीच तर, असं त्यांनी आधी बजावलं. पण दुसऱ्या राज्यातल्या एका शेतकऱ्याचा लेप्टो त्या तपासणीने तापाच्या दुसऱ्याच दिवशी पकडला होता, आणि नंतरच्या तपासणीत ते खरं ठरलं. नाव सांगता येत नाही, त्या म्हणाल्या.

आत्याने नाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, “घरी गेला का तो?”

गेला, असं तिकडून उत्तर आलं.

फोन ठेवून ती ओट्यावर जाऊन बसली. माझी बायको शेजारी जाऊन बसली, तेव्हा तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, “त्याच्या बायकोला काय म्हायती पण नसंल गं. दोन दिवस ताप आला नि गेला, एवढंच वाटलं असंल तिला.” आणि मग अगदी हळू, “बरं हाय.”