चपटं डोकं

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पावणे गावाहून ती रोज सकाळी आमच्या सोसायटीत यायची आणि घरोघरच्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायची. पाय पसरून ती माझ्या बाळाला त्यांवर उताणं घ्यायची आणि तेलाचे तळहात त्याच्या डोक्याभोवती फिरवायची. त्याची टाळू अजून भरली नव्हती. माझा जीव खालीवर व्हायचा.

"घाटावरच्यांची डोकी मागून चपटी, केरळवाल्यांची गोल, आमची लांबोडी," ती हसत सांगायची. "पन माज्या हाताखालून गेली की सगली नारलासारकी."

मला भीती वाटायची ती त्याचीच. बाळाचे वडील त्याच्या जन्माआधीच गेले. त्यांचं डोकं मागून असंच चपटं होतं आणि बाळात त्यांचं म्हणून मला तेवढंच सापडलं होतं.

एके दिवशी मी तिचा हात धरला. "नका दाबू. वडिलांचं आहे ते."

ती थांबली. बाळाची मान सावरत हळूच म्हणाली, "बाय, ह्यो चपटेपना बापाचा नाय. आई निजवील तसं डोकं व्हतं. याच्या बापाला त्याच्या आईनं उतानाच निजवला असंल."

त्या दिवशी तिने नुसतं तेल लावलं.

ती गेल्यावर मी, डोकं गोल व्हावं म्हणून तिनेच दिलेली मोहरीची उशी पाळण्यातून काढली. सासूबाईंनी त्याच्या वडिलांना निजवलं असेल तसं बाळाला उताणं निजवलं आणि त्याच्या डोक्यामागे हात घालून पुन्हा पुन्हा चाचपत राहिले.